साच्यावरची फुंकर

माणूस दोनदा मरतो, एकदा स्वतःपुरता आणि एकदा नातेवाइकांपुरता. आणि त्या दुसऱ्या मरणाला डोक्यावर छप्पर लागतं, असं वेंगमास्तर म्हणत. ताइनानच्या जुन्या पेठेत, दोन माणसं एकमेकांना वाट देताना भिंतीला घासतील अशा गल्लीत, त्यांचं दुकान होतं, आणि शेहेचाळीस वर्षं हे वाक्य त्यांनी मयताच्या घरच्यांना इतक्या गंभीर चेहऱ्यानं ऐकवलं होतं की ऐकणारे माना खाली घालत, काही डोळे पुसत. वाक्य संपलं की मास्तर क्षणभर थांबत आणि विचारत, "मग, खाली गाडी ठेवायला जागा काढायची ना? आणि वडलांना एसी लागायचा का?" बांबूच्या कामट्यांवर रंगीत कागद चिकटवून ते मयतांसाठी घरं करत. दुमजली, तिमजली, दाराशी दोन नोकर, गच्चीत कुंड्या. घर जाळलं की ते पलीकडे मयताला पोचतं, असा रिवाज. मास्तरांचा स्वतःचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. आपला विश्वास नाही ही गोष्ट खिशात रुमाल असावा तशी ते बाळगून होते, कधी बाहेर काढायची वेळ आली नाही. ती आली जुन्या पंचांगाच्या सहाव्या महिन्यातल्या एका मंगळवारी, सकाळी दहा वाजून काही मिनिटांनी, रुग्णालयाच्या तळघरात.

झालं ते इतकंच. मास्तरांना एका टणक फळीवर उताणं झोपवलं होतं, कमरेखाली कपडा नाही, वर नावापुरता टॉवेल. किरणं द्यायच्या खोलीतल्या फूबाई, चाळिशीच्या, जाड भिंगांच्या चष्म्याच्या, त्यांनी गरम पाण्याच्या ट्रेमधून एक पांढरा जाळीदार तक्ता उचलला. पाण्यात भिजून तो तांदळाच्या ओल्या पापडासारखा लिबलिबीत झाला होता. तो त्यांनी मास्तरांच्या ओटीपोटावर, कमरेच्या दोन्ही हाडांवर, मांड्यांच्या मुळाशी दाबून दाबून बसवला आणि म्हणाल्या, "आता हलू नका हं काका. गार होईस्तोवर दहा मिनिटं. रोज तुम्हाला याच आकारात झोपायचंय, एक केस इकडेतिकडे नको." दहा मिनिटांत तो तक्ता घट्ट झाला, कटकन उचलला गेला, आणि मास्तरांची कमर मास्तरांवरून उठून हवेत आली. त्यावर लिहायला फूबाईंना पेन सापडेना. "जरा धरता का?" म्हणून त्यांनी तो साचा मास्तरांच्या हातात दिला. मधे कोमट होता, पण जाड कडेला अजून चटका बसत होता. मास्तरांनी फुंकर घातली. हाताला गरम लागलं की माणूस घालतोच. एक, दोन, तीन. तिसऱ्या फुंकरीचा वारा जाळीतून आरपार जाऊन त्यांच्याच गुडघ्यांना लागला, आणि आपल्या हातात काय आहे ते त्यांना दिसलं. कामट्या नाहीत, खळ नाही, पण माणसाच्या आकाराचं पोकळ काहीतरी, आणि माप त्यांचं स्वतःचं. तेवढ्यात फूबाईंना पेन सापडलं. साचा परत घेऊन त्यांनी डाव्या कडेला सुवाच्य अक्षरात लिहिलं, वेंग हाय-शान, आणि त्याखाली जन्मतारीख.

दुकानात घरांच्या खालोखाल खप होता तो बदली माणसांचा. वीतभर कागदी माणूस. कुणाच्या मागे आजार लागला, अपघात व्हायला लागले, दिवस फिरले, की त्यानं एक बदली माणूस न्यायचा. त्यावर स्वतःचं नाव लिहायचं, जन्मतारीख लिहायची, छातीपाठीवरून फिरवायचा आणि त्याच्यावर तीनदा श्वास सोडायचा. मग जे काय मागे लागलेलं असेल ते आपल्याला सोडून त्याच्या मागे लागतं. त्याला लगेच जाळून टाकायचं. घरी आणायचा नाही, वळून बघायचं नाही, आणि काही झालं तरी तो पुन्हा अंगाला लागू द्यायचा नाही, कारण दिलेलं परत घेताना माणूस नेहमी थोडं जास्त घेतो, असं मास्तरांचे वडील सांगत. वडलांनीच त्यांना हे काम शिकवलं. नव्या गिऱ्हाइकाला श्वास कसा सोडायचा ते मास्तर स्वतः करून दाखवत, "हाऽ, हाऽ, हाऽ. असं. पण माझ्यासारखं बाजूला नाही, त्याच्या तोंडावर." दर वेळी ते मान वळवत. त्या फळीवर अर्धनग्न बसल्या बसल्या मास्तरांच्या पहिल्यांदा लक्षात आलं, की काडीचाही विश्वास नसलेल्या माणसानं शेहेचाळीस वर्षं, दिवसातून तीन-चारदा, एकदाही न चुकता, मान वळवली होती. फूबाईंनी साचा नेऊन भिंतीकडच्या मांडणीच्या फळीवर ठेवला. तिथे आधीच अकरा साचे होते. डोकी नाहीत, पाय नाहीत, नुसत्या अकरा कमरा ओळीनं उताण्या पडल्या होत्या, प्रत्येकीच्या कडेला एकेक नाव. जाळायची सोय कुठे दिसत नव्हती. "अठ्ठावीस दिवस," फूबाई म्हणाल्या, "रोज आम्ही तो तुमच्यावर बसवायचा."

खरं तर हा मार्ग त्यांनी स्वतः निवडला होता, आणि निवडताना मोठ्या हुशारीनं निवडल्यासारखा चेहरा केला होता. वसंतात रक्तातला एक आकडा वाढलेला निघाला, मग सुया टोचून बारा तुकडे काढले, त्यातल्या पाचांत प्रोस्टेटचा कर्करोग. "अजून घरातच आहे," डॉक्टर फांग म्हणाले होते, "उंबरा ओलांडलेला नाही. पण खिडक्या उघडून बाहेर बघायला लागलाय. शरद ऋतूपर्यंत थांबू नका." दोन वाटा होत्या. शस्त्रक्रिया करून ती गाठ, ग्रंथी, सगळं काढून टाकायचं. नाहीतर किरणं द्यायची. मास्तरांची बायको पाओ-चू शेजारी बसून सगळं एका जुन्या पावतीच्या पाठीवर लिहून घेत होती. डॉक्टर म्हणाले, "शस्त्रक्रियेला सातव्या महिन्यात हवी ती तारीख देतो. सबंध महिना मोकळा आहे."

"तो मोकळा का आहे ते ठाऊक आहे ना तुम्हाला?" पाओ-चू म्हणाली.

"ठाऊक आहे मावशी. माझी आई त्या महिन्यात मला पोहायलासुद्धा जाऊ देत नाही."

सातव्या महिन्यात पलीकडचं दार उघडं असतं, भुतं गल्लोगल्ली जेवायला फिरत असतात. अशा वेळी अंगाला सुरी कोण लावून घेणार. मास्तरांच्या धंद्याचा तो सुगीचा महिना. डॉक्टरांनी मग दोन्ही वाटांवरची संकटं सांगितली. लघवी आवरणार नाही कदाचित; आणि दुसरंही. दुसरं म्हणजे काय ते सांगताना ते संगणकाकडे बघायला लागले.

"त्याची काळजी नको," पाओ-चू लिहिता लिहिता म्हणाली. "ते हे म्हातारं माकड दहा वर्षांपूर्वीच विसरलंय."

"सात," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं की काय कोण जाणे. घरी येताना स्कूटरवर मागे बसून, पाओ-चूच्या पाठीचा वास घेत, मास्तरांनी ठरवलं ते किरणांचं. सुरी नको एवढंच कारण नव्हतं. आत खोल काहीतरी जाळायचं, हा व्यवहार त्यांच्या ओळखीचा होता. डॉक्टर म्हणाले होते की तसं जाळत नाहीत काही, पेशींना पुढे वाढता येत नाही, एवढंच. पण जे दिसत नाही आणि नष्ट होतं त्याला मास्तर दुसरं काय म्हणणार. आणि मग त्या लाल सिग्नलला, कलिंगडं विकणाऱ्या हातगाडीजवळ उभं असताना, त्यांच्या मनात आलं की जाळलेलं पोचतं. म्हणजे त्यांची ती अक्रोडाएवढी ग्रंथी पलीकडे पोचणार. घेणार कोण? वडीलच. एकवीस वर्षांपूर्वी त्यांना मास्तरांनी स्वतःच्या हातानं तिमजली घर करून दिलं होतं, खिडक्यांना खऱ्या काचेसारखा कागद. त्या घराच्या दारात वडील उभे आहेत, हातात काहीतरी ओलं, गरम, पुडक्यात बांधलेलं, आणि पुडक्यावर मुलाचं नाव. ते उघडावं की नाही या विचारात ते आहेत. सिग्नल हिरवा झाला. मास्तरांना हसू यायला हवं होतं. पाओ-चूच्या कमरेला त्यांनी जरा घट्ट धरलं.

मंगळवारी साचा झाला आणि पहिला दिवस ठरला तो पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारचा. मधल्या नऊ दिवसांत आकडेमोड होणार होती, कुठल्या दिशेनं किती किरणं. त्याआधीच मास्तरांच्या आत, नेम चुकू नये म्हणून, सोन्याचे तीन दाणे टोचून ठेवले होते, तिळाएवढे. कमरेवर पेनानं तीन फुल्या काढल्या होत्या, त्या घासून धुवायच्या नाहीत. रताळी बंद, सोयाबीनचं दूध बंद, वाटाणे बंद, पोटात वारा धरेल असं काहीही बंद. आणि रोज सराव. लघवीला जाऊन यायचं, अर्धा लिटर पाणी प्यायचं, तासभर धरून ठेवायचं. कारण मंगळवारी त्यांची आतली छायाचित्रं काढली तेव्हा पोटात जेवढं पाणी होतं तेवढंच रोज हवं. कमी नको, जास्त नको. पाओ-चू अंडी उकडायचं घड्याळ लावून समोर बसे. मास्तर मांड्या आवळून खुर्चीत, आणि मनात एकच हिशेब फिरत राही. मंगळवारचा एक वेंग हाय-शान आता अस्सल ठरला होता. त्याचं पोट, त्याचं पाणी, त्याची कमर. इथून पुढे जो रोज सकाळी उठेल त्यानं त्याच्यासारखं व्हायचं होतं. कागदी माणसं करताना मास्तर समोर एक नमुना ठेवत आणि त्याच्याबरहुकूम बाकीची कापत. नमुना विकत नसत. तो कपाटात राही.

बुधवारी अकराच्या सुमाराला, एका घराच्या गच्चीला कठडा चिकटवताना, त्यांच्या कमरेवरून गार वारा गेला. पंखा बंद होता. खळ वाळेपर्यंत तो लावत नाहीत. बाहेर असं ऊन की गल्लीतली कुत्री स्कूटरच्या सावलीत पोटावर पसरलेली. गारवा कमरेपासून मांडीच्या मुळापर्यंत, नेमका तेवढाच पट्टा, तळघरातल्या हवेसारखा, किंचित औषधी वासाचा. तळहात लावून पाहिला तर कातडी घामानं चिकट आणि गरम. म्हणजे गारवा त्यांना लागत होता, पण कमर ही नव्हती. गुरुवारी त्याच वेळेला कुणीतरी त्यांना दोन्ही हातांनी कमरेला धरून अलगद उचललं आणि थोडं डावीकडे सरकवून ठेवलं. मास्तर स्टुलावरून हलले नव्हते, कात्री हातात होती. आज नवीन कुणाचा तरी साचा झाला असेल, त्याला फळीवर जागा केली असेल, असं त्यांच्या मनात आलं; आणि तो विचार इतका साधा, इतका घरगुती होता की त्याचीच त्यांना भीती वाटली. किरणांच्या जोडीला मास्तरांना हार्मोनचं एक इंजेक्शन दिलं होतं; डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर त्याच्या परिणामांत अंगातून गरम वाफा निघतील असं लिहिलं होतं. गार वाऱ्याचा उल्लेख नव्हता. मास्तरांनी कागद दोनदा वाचला, मग उलटून पाहिला. मागे गाडीतळाचा नकाशा होता.

त्यांना ती मिठागरांच्या बाजूची बाई आठवली. तीसेक वर्षं झाली असतील. उन्हानं रापलेली, हातात नेहमी ओली पिशवी. नवरा आजारी, त्याच्यासाठी बदली माणूस घेऊन गेली. सगळं रीतीनं केलं, नाव, तारीख, तीन श्वास. पण तो कागदी माणूस नवऱ्यासारखा दिसायला लागला म्हणून तिला जाळवेना. आंब्याच्या लोणच्याची बरणी धुऊन तिनं त्यात ठेवला, बरणी कपाटावर. वर्षानं ती उदबत्त्या घ्यायला आली तेव्हा मास्तरांनी विचारलं, नवरा कसा आहे. "बराय," ती म्हणाली. "शांत झालाय. पूर्वी ओरडायचा, आता नाही. वाढलं की जेवतो. नाही वाढलं तर नाही जेवत. कपाटाकडे तोंड करून बसतो."

"आणि आजार?"

"तो बरणीत आहे."

"मग खुर्चीत बसतंय कोण?" मास्तरांनी आपली गंमत म्हणून विचारलं.

बाईनं उदबत्त्या पिशवीत ठेवल्या, पिशवीचं तोंड नीट बांधलं. "तेच तुम्हाला विचारायला आले होते मी," ती म्हणाली.

ही गोष्ट मास्तर पुढे कितीतरी वर्षं दारू पिताना सांगत आणि लोक हसत. आता त्यांना आठवलं की बाईच्या प्रश्नाला आपण उत्तर दिलंच नव्हतं; दोन उदबत्त्या वर दिल्या होत्या, फुकट. आणि त्यांचा स्वतःचा प्रकार तर त्या नवऱ्याहून वाईट होता. तो निदान बरणीपासून लांब बसला होता. मास्तरांना रोज बरणीत झोपायचं होतं. जे दिलं ते अठ्ठावीस वेळा अंगाला लावून घ्यायचं होतं, आणि दर वेळी थोडं जास्त. एवढी किरणं आत जाळत जाणार आणि तेवढाच आजार वरच्या साच्यातून परत झिरपणार, असं एखादं गळकं पिंप भरल्यासारखं चालणार असेल, तर मग जायचंच कशाला? न जावं तर खिडक्या उघडून बाहेर बघणारा तो आहेच. शुक्रवारी पाओ-चू देवळात गेली असताना त्यांनी रुग्णालयात फोन केला.

"वेंग हाय-शान बोलतोय. मंगळवारी माझा साचा झाला."

"हो काका, बोला ना. लघवी धरवत नाही का?" फूबाई.

"धरवते. साचा नवीन करून मिळेल का?"

"का? घट्ट होतोय? अहो, अजून तर एकदाही बसवला नाही."

"मी त्याच्यावर फुंकर घातली."

पलीकडे थोडा वेळ कुणाच्या तरी चपलांचा आवाज. "काय घातली?"

"फुंकर. तीनदा."

"बरं," फूबाई समजूतदारपणे म्हणाल्या, "काही हरकत नाही. आम्ही रोज वापरायच्या आधी स्पिरिटनं पुसतो."

"स्पिरिटनं ते जाईल?"

"सगळं जातं. तुम्हाला सर्दीबिर्दी झालीय का?" मास्तर नाही म्हणाले. मग ठीक आहे, म्हणाल्या, आणि नवीन साचा करायचा तर छायाचित्रं नव्यानं, आकडेमोड नव्यानं, मधे सातव्या महिन्याच्या सुट्ट्या, दोन-तीन आठवडे जातील. डॉक्टरांना चालणार नाही. "आणि काका, तो इतका सुंदर झालाय. इतका तंतोतंत साचा आमच्याकडे क्वचित होतो."

हेच त्यांना ऐकायचं नव्हतं. मास्तरांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांना तेच सांगितलं होतं.

पाओ-चूला रविवारी कळलं. लपवायची त्यांची सवय मोडली होती. पाण्याचा दुसरा पेला त्यांनी तसाच ठेवला आणि ती म्हणाली, "पी की रे, का विषबिष घातलंय मी?" तेव्हा ते म्हणाले की गुरुवारी जावं की नाही याचा विचार चाललाय. मग सगळंच सांगितलं. पाओ-चूनं अंडी उकडायचं घड्याळ बंद केलं, हे एक मोठंच लक्षण होतं.

"शेहेचाळीस वर्षं," ती म्हणाली. "शेहेचाळीस वर्षं मी खळ शिजवतेय. एकदा तरी म्हणालास का, की तुझा विश्वास आहे?"

"नाहीच आहे."

"मग?"

"पण त्याचा असला तर?"

"कुणाचा?"

"साच्याचा."

 ती उठून आत गेली, भांडी आवरल्याचा आवाज झाला, आवरून झाल्यावरही तो चालू राहिला. मग ती दारात येऊन म्हणाली, "एक बदली माणूस काप आणि त्याच्यावरचं याच्यावर उतरव. साच्याचा आजार कागदावर. झालं. एवढं काय. दुकान आपलंच आहे."

ते त्यांना सुचलं नव्हतं. मास्तरांनी पिवळा कागद घेतला, नमुना न ठेवता हातानंच कापायला घेतला. डोकं, हात, धड. कमरेशी कात्री अडली, नेहमीच अडते, कमर हा भाग सगळ्यांत अवघड, वडील सांगत की चेहरा कुणालाही जमतो. मग नाव. साच्याचं नाव वेंग हाय-शान. ते लिहायला त्यांनी कुंचला उचलला आणि थांबले, कारण हे लिहिलं तर हा कागद कुणाच्या बदली? जन्मतारीख तरी वेगळी पडेल म्हणून त्यांनी हिशेब केला: साचा जन्मला गेल्या मंगळवारी, सकाळी दहाच्या पुढे. पण फूबाईंनी तारीख मास्तरांची घातलेली. आणि श्वास? साच्याच्या वतीनं श्वास कोण सोडणार? तीन होते तेवढे तर मास्तरांनीच त्याला दिलेले. समोर पाओ-चू अंगणातल्या कोरफडीला पाणी घालत होती, खिडकीतून ऊन येऊन कागदाच्या माणसावर पडलं होतं, आणि मास्तरांना स्वच्छ दिसलं की आपण ज्याच्या बदली काहीतरी शोधतोय तो आपण नाही. तो तिकडे फळीवर आहे, गारव्यात, तंतोतंत. शहाणे लोक त्याला स्पिरिटनं पुसताहेत, त्याच्या मापानं आकडेमोड करताहेत, बाराजणांच्या ओळीत त्याची जागा ठरली आहे. इकडे दुकानात बसलाय तो वाढलं की जेवतो. कागद त्यांनी कोरा, बिननावाचाच चुलीत टाकला. तो कुणालाही पोचला नसेल.

गुरुवारी पाओ-चू त्यांना घेऊनच गेली. गल्लीत दारोदारी टेबलं मांडली होती, भुतांसाठी फळं, भात, बिस्किटांची पुडकी. एका टेबलावर पाहुण्यांनी हात धुवावा म्हणून पाण्याचं घमेलं आणि नवा टॉवेल. पाओ-चू स्कूटर सावकाश चालवत होती. तळघरात उतरायच्या जिन्याशी ती म्हणाली, "मी इथेच आहे. नाही जायचं तर आत्ता सांग. आत गेल्यावर आरडाओरडा नको." मास्तर म्हणाले, बघतो. ती म्हणाली, "बघतो काय, डोळे मिटून पड."

बाहेरच्या बाकावर चौघे म्हातारे हातात कागदी पेले घेऊन, गुडघे जवळ आणून, परीक्षेला बसल्यासारखे बसले होते. कडेचा सरकला आणि त्यानं मास्तरांना जागा दिली. "कुओ," तो म्हणाला. "बस चालवायचो, ताइनान ते चियायी. कितवा?"

"पहिला."

"माझा सतरावा. पी, पी, थांबू नको. आतला फार काटेकोर आहे."

"आतला कोण?"

"मीच की. ज्या दिवशी फोटो काढला तो. परवा मी तीन घोट कमी प्यालो, तर उठवून परत पाठवलं, म्हणाले जुळत नाही." कुओनं रिकामा पेला कानाशी नेऊन हलवला. "घरी बायको म्हणते, तू हल्ली बरा वागतोस. मी म्हटलं, तो वागतोय."

तो हसला नाही, म्हणून मास्तरही हसले नाहीत. भिंतीवरच्या पाटीवर नाव उजळलं. वेंग हाय-शान. मास्तरांना वाटलं, आपण बसून राहिलो तरी कुणीतरी उठून आत जाईल, आणि ते क्षणभर वाट बघत बसले. कुणी उठलं नाही. मग ते उठले.

फळी तीच. टॉवेल तोच किंवा तसाच. फूबाईंनी साचा दोन्ही हातांनी कमरेला धरून अलगद उचलला, मास्तरांना ते हात ओळखीचे वाटले, आणि त्यांच्यावर आणून ठेवला. गारवा आला. तोच, नेमक्या तेवढ्याच पट्ट्यात, तोच औषधी वास. आणि भयंकर होतं ते हे, की त्यांना बरं वाटलं. नऊ दिवस उसवलेलं काहीतरी शिवलं गेल्यासारखं. कडेच्या खुंट्या खटाखट बसल्या. "बघा," फूबाई म्हणाल्या, "जराही बदलला नाहीत तुम्ही. हात छातीवर. आता हलायचं नाही हं, बोटसुद्धा नाही." त्यांच्या चपला गेल्या. दार फार जाड होतं, मिटताना त्याचा आवाज झाला नाही, फक्त खोलीतला आवाज कमी झाला. छतावरून हिरव्या प्रकाशाच्या रेघा उतरल्या आणि फुल्यांवर येऊन थांबल्या. यंत्राची मोठी गोल मान त्यांच्याभोवती फिरली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. मास्तरांनी श्वास धरला, कारण सोडला तर तो पुन्हा जाळीवर जाईल. आणि धरून ठेवला तर तो कुणाचा, हे कळेनासं झालं होतं. साचा वर आणि ते खाली, की ते पोकळ आणि आत तो? वरच्यानं श्वास घेतला की खालच्यानं? त्यांनी ऐकलं. कमरेच्या वर, जाळीला टेकून, काहीतरी फार हलकं वरखाली होत होतं. शब्द तयार होते, रविवारपासून तयार होते: उठवा मला. पाच अक्षरं, दोन शब्द, एवढे बोलले की दार उघडणार, रेघा विझणार, पाओ-चू जिन्याशी उभी.

भिंतीतून फूबाईंचा आवाज आला. "काका, सगळं जुळलंय. सुरू करतेय. काही सांगायचंय?"

मास्तरांनी तोंड उघडलं. आवाज निघायला वेळ लागला, आणि निघाला तो त्यांचाच होता, जरा चिडका.

"नाकाच्या शेंड्याला खाज सुटलीय," ते म्हणाले. "सुरू करायच्या आधी कुणी येऊन जरा खाजवेल का?"